जर्मनीचा भाव

चार मार्च, सोमवार, सकाळी साडेदहा. ठिकाण दूध संस्थेची खोली. हजर: चेअरमन, पाच संचालक, सचिव म्हणून मी. गैरहजर: एक महिला संचालक, ऊसतोडीला गेलेली, तिच्या घरचं दूध सासू घालते. हजर पाचांपैकी एक माझा थोरला भाऊ. मी त्याला दादा म्हणते. इतिवृत्तात ‘सन्माननीय संचालक’ लिहिते.

हे मी वहीत बघून लिहिते आहे. बावीस वर्षं मी या संस्थेची सचिव आहे आणि प्रत्येक कामाची यादी केल्याशिवाय मला चैन पडत नाही. माझं माहेर आणि सासर एकाच गावात, नेकनूरच्या पुढं, मध्ये फक्त पाण्याची टाकी. त्यामुळं दादाच्या घरातलं मला कुणी सांगावं लागत नाही.

त्या दिवशी विषय एकच होता. दुष्काळाचं दुसरं वर्ष. आदल्या वर्षी चारा छावणी होती, यंदा आमच्या भागात ती होणार नाही असं कळलं होतं. सकाळचं दूध तीन कॅनांवरून एका कॅनवर आलं होतं. कोण किती जनावरं ठेवणार, हे प्रत्येकानं सांगायचं आणि मी लिहून घ्यायचं. एकानं दोन सांगितल्या, एकानं एक. चेअरमन म्हणाले, “माझ्या चारीतल्या तीन काढतो, एकच ठेवतो. पानीच न्हाई तर काय दावनीला फोटो बांधू?”

दादाची पाळी आली. “पाचीच्या पाची ठेवनार,” तो म्हणाला. “गाडी इकतो.”

मी पेन थांबवलं.

ती गाडी काय होती ते सांगायला हवं. दादा माजलगावला धरणाच्या ऑफिसात शिपाई म्हणून लागला आणि क्लार्क म्हणून रिटायर झाला. साहेबांना भेटायला कारखान्याचे लोक, कंत्राटं घेणारे गुत्तेदार यायचे ते असल्याच उंच, रुंद गाड्यांतून. रिटायर झाल्यावर मिळालेल्या पैशांतले अकरा लाख त्यानं हिच्यात घातले. त्याच्या शेवटच्या पगाराच्या मानानं सव्वादोन वर्षांचा पगार. मी म्हटलं होतं, लहान घे, दोघंच माणसं तुम्ही. तो म्हणाला, “बाई, मी लई वर्षं दुसऱ्यांच्या गाडीची दारं उघडली.”

चॉकलेटी रंगाची गाडी. गावातला एकही नवरदेव तिच्याशिवाय गेला नाही. आमच्या वस्तीतल्या लग्नाला तर दादा डिझेलचे पैसेही घेत नसे. जयंतीच्या मिरवणुकीत सगळ्यात पुढं हीच, बॉनेटवर बाबासाहेबांचा फोटो. एकदा मी दादाबरोबर माजलगावच्या बाजूला एका साखर कारखान्यात गेले होते, संस्थेच्या कामाला. फाटकावरच्या वॉचमननं गाडी लांबून पाहिली, काही न विचारता फाटक उघडलं आणि सलाम ठोकला. दादानं पुढचा अर्धा किलोमीटर गाडी पहिल्या गिअरमध्येच चालवली.

वहिनीचं मत वेगळं. “सगळ्या गावाच्या वराती नेल्या,” ती म्हणायची, “मला माहेरी न्यायचं म्हनलं की ह्यांची गाडी गरम व्हती.”

आता गाई का सोडायच्या नव्हत्या, ते. संस्था काढायचं ठरलं तेव्हा काही जण म्हणाले होते की बौद्ध वस्तीतलं दूध वेगळ्या कॅनात घ्या. दादा सुट्टी टाकून महिनाभर घरोघर फिरला. एकच कॅन राहील, नाहीतर संस्था राहणार नाही, असं सांगत. ज्यांना पटलं ते आले, ज्यांना नाही ते वर्षभरानं आले, कारण दुधाचा पैसा दर दहा दिवसांनी हातात पडत होता. सभासद रजिस्टरात अनुक्रमांक एकवर दादाचं नाव आहे. पोटनियम लिहितानाही तोच पुढं होता. पुढाऱ्यांनी घुसू नये म्हणून त्यानं एक नियम घालायला लावला: सलग नव्वद दिवस स्वतःच्या जनावराचं दूध घातलं नाही, तर सभासद नाममात्र होईल. मत नाही, संचालकपद नाही. यादीतून नाव काढून सचिवानं तसं पत्र द्यायचं.

म्हणून गाई. पेन्शन होती, पण ती घरात, औषधांत आणि धाकट्या मुलाच्या पुण्यातल्या कॉलेजात जात होती. पाच गाईंना जूनपर्यंत उसाचं वाढं, म्हणजे शेंड्याची हिरवी पाती, आणि टँकरचं पाणी त्यात बसत नव्हतं. गाडी विकली तर बसत होतं. इतकं सरळ होतं.

चूक त्याच्या आठ दिवस आधी झाली होती. फेब्रुवारीतला शेवटचा रविवार. हजर: दादा, वहिनी, मी. फोनवर दादाची मुलगी, माझी भाची. ती नर्स आहे, जर्मनीत एका दवाखान्यात काम करते. तिनं व्हिडिओ कॉल लावला आणि फोन एका गाडीकडं फिरवला.

“पप्पा, ओळखा!”

दादानं चष्मा लावला. “आपलीच की गं ही! रंग तेवढा येगळा. पन म्होरचा बिल्ला कुनाचा हाय?”

“कंपनी तीच. इकडं दुसऱ्या नावानं विकतात. मी घेतली. इकडची सगळ्यात स्वस्त गाडी आहे.”

“स्वस्त म्हंजे?”

“म्हणजे नवी तेरा हजार युरोला. नव्या गाड्यांत हिच्या खाली काही नाहीच. पण कुणी नावं ठेवत नाही. आमच्या वॉर्डातले डॉक्टर हीच चालवतात. मी विचारलं, तुम्ही का ही घेतली? तर म्हणाले, जायचं आणि यायचं, त्याला अजून काय लागतं? मागच्या सीटा पाडून त्यात लाकडं नेतात घरी.”

“डाक्टर? लाकडं? ह्या गाडीत?”

वहिनीला इतकं हसू आलं की ती खाली बसली. “बघा. तितं डाक्टर लाकडं नेतोय आन मला टावेल टाकल्याबिगर सीटवर बसू देत न्हाईत.”

दादा हसला नाही. अर्ध्या मिनिटानं त्यानं अगदी सहज, जणू हवापाणी विचारावं तसं विचारलं, “आन जुनी केवढ्याला भेटली?”

“नऊ हजार युरो. सात वर्षं वापरलेली आहे तरी! इकडं हिचा भाव पडतच नाही, पप्पा. घ्यायला माणसं टपलेली असतात. माझे चार पगार गेले.”

गाडी विकायचं दादाच्या मनात आहे हे तेव्हा तिला माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. ती शेवटी म्हणाली, “गाई कशा आहेत?” दादा म्हणाला, “मस्त हायेत.” त्या दिवशी विहिरीचा तळ दिसत होता.

फोन ठेवल्यावर दादा मला म्हणाला, “बाई, नऊ हजाराचे आपले किती व्हतेत?”

मी वहीच्या शेवटच्या पानावर गुणाकार केला. आठ लाखांच्या वर आले. मला त्याचं नवल वाटलं म्हणून मी अजून मांडत गेले. तिनं सांगितलेली नव्या गाडीची किंमत रुपयांत केली, तर दादानं इथं दिले होते जवळपास तेवढेच. म्हणजे एकच गाडी, पैसे सारखेच, आणि तिकडं ती नर्सच्या सहा पगारांत नवी येते, त्यांच्यातली सगळ्यात साधी. इकडं तीच सव्वादोन वर्षांच्या पगारात येते आणि वॉचमन सलाम ठोकतो. हे मी दादाला मोठ्या उत्साहानं समजावून सांगितलं. पान फाडून हातात दिलं. आठ लाखांच्या आकड्याखाली मी दोन रेघा ओढल्या होत्या.

ते पान त्यानं खिशात ठेवलं. मीटिंगमध्ये “गाडी इकतो” म्हणाला तेव्हा ते त्याच्या खिशातच होतं.

सात मार्चला मी बीडच्या एका जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला बोलावलं. नीट माणूस. गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, खाली वाकून बघितलं, चालवून आणली.

“गाडी चोख हाय, साहेब,” तो म्हणाला. “इमानदारीनं सांगतो, लई जपली तुमी. काय अपेक्षा?”

“सहा,” दादा म्हणाला. “आठाची हाय. पन अडचन हाय म्हनून सहा.”

व्यापारी माझ्याकडं बघू लागला. “आठ कुठून आले, ताई?”

दादानं खिशातून पान काढलं. व्यापाऱ्यानं ते पूर्ण वाचलं, घडी घातली आणि परत दिलं.

“साहेब, तितं ती त्यांच्या घरची गाडी हाय. गल्लीगल्लीत पार्ट भेटत आसतेल. इथं कंपनीनं हे मॉडेल बंद केलं. गिऱ्हाईक पयला सवाल करतंय, सर्विस कुठं? मायलेज किती? तिसरा सवाल करतच न्हाई, उठून जातंय. मी दोन चाळीस देतो. आज देतो.”

“दोन चाळीस? म्हशीचा भाव सांगायलास का बे?”

“म्हैस इकायला सोपी हाय, साहेब,” व्यापारी म्हणाला. चिडून नाही. त्यानं वहिनीच्या हातचा चहा घेतला, बशी खाली ठेवली आणि निघताना मला बाजूला म्हणाला, “ताई, तुमी त्यांना समजवा. आठ दिवसानं हे बी देनार न्हाई मी.”

मी समजावलं. त्या संध्याकाळी, दुसऱ्या दिवशी, त्याच्या पुढच्या रविवारी. जर्मनीतली माणसं ती गाडी स्वस्त म्हणून घेतात, म्हणून जुनी झाली तरी तिला गिऱ्हाईक असतं. इथं लोक ती भारी म्हणून घेतात, आणि ज्याला भारी हवी तो जुनी घेत नाही. हे मला तेव्हा कळलं होतं आणि मी तसंच सांगितलं. दादानं शांतपणे ऐकून घेतलं.

“मग ते पान कुनी लिवलं?” तो म्हणाला.

गावात सगळे म्हणतात की ताईनं लिहिलेला आकडा चुकत नाही. तो चुकलाही नव्हता. गुणाकार बरोबर होता.

त्यानं एका पुठ्ठ्यावर ‘विकणे आहे. सहा लाख. भाव एकच.’ असं स्वतःच्या सुरेख अक्षरात लिहून मागच्या काचेला आतून चिकटवलं. मग लोक यायला लागले. ज्यांच्या ज्यांच्या वराती तिच्यातून गेल्या होत्या ते सगळे आले. बॉनेटवर हात फिरवला. “लई भारी गाडी, काका. कावून इकताव?” असं म्हणाले, आणि घरी गेले. घ्यायला एकही आला नाही. वहिनी गोठ्याच्या दारात उभी राहून मोजायची. “आज तीन जनं येऊन कौतुक करून गेले. आता ते कौतुक गव्हानीत टाका म्हंजे गाईंचं पोट भरंल.”

“पोरीला सांगू या,” मी म्हटलं. “दोन महिन्यांचा चारा तिला जड नाही.”

“पोरीच्या पैशानं गाई पाळू?” दादा म्हणाला. “आन तू बी सांगायचं न्हाई. शपत हाय.”

मी नाही सांगितलं.

मार्चच्या शेवटी पहिली गाय नेकनूरच्या बाजारात गेली. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात दोन. बाजारात घेणारे कमी आणि दावणीला बांधलेली जनावरं रस्त्यापर्यंत. आलेल्या पैशांत राहिलेल्या दोघींचा चारा महिनाभर निघाला. चौदा एप्रिलला गाडी नेहमीप्रमाणे मिरवणुकीत पुढं होती. मागच्या काचेवरची पाटी दादानं त्या दिवसापुरती काढून ठेवली आणि पंधराला परत लावली.

मग वाढं आणायला टेम्पो मिळेना. कारखाने बंद व्हायला आले होते, उसाच्या शेवटच्या फडांवर वाढ्यासाठी माणसं तुटून पडली होती. दादानं एका सकाळी गाडीच्या मागच्या सीटा पाडल्या. टॉवेल काढला, प्लास्टिक काढलं. मला म्हणाला, “चल. डाक्टर लाकडं नेतोय तर मला काय झालं?”

माजलगावच्या बाजूच्या त्याच कारखान्याजवळच्या फडातून आम्ही वाढ्याच्या मोळ्या भरल्या. छतापर्यंत. हिरवी पाती खिडकीतून बाहेर, माझ्या मांडीवर एक मोळी. परत येताना वजनकाट्याच्या रांगेमुळं रस्ता अडला होता, म्हणून दादानं गाडी कारखान्याच्या आवारातून काढायची ठरवली. तोच वॉचमन. त्यानं फाटक उघडलं नाही. काठी आडवी धरून जवळ आला आणि काचेवर टकटक केली.

“कुनाची गाडी ही? डायवर हायेस का? मालक कुठाय?”

“मालक मीच हाय,” दादा म्हणाला.

वॉचमननं आतल्या वाढ्याकडं बघितलं, मग दादाकडं. “मागं घ्या, काका. हितून न्हाई जाता येत.”

दादानं गाडी मागं घेतली. रांगेत दोन तास उन्हात उभे राहिलो. पाती सुकायला लागली. तो त्या दोन तासांत एकच वाक्य बोलला. “फोन लाव त्या बीडवाल्याला. दोन चाळीस तर दोन चाळीस.”

मी तिथूनच फोन लावला. व्यापारी म्हणाला, “ताई, मी तवाच म्हनलो व्हतो. माझ्या पत्र्याखाली ह्याच गाड्या तीन उभ्या हायेत आज. दुष्काळात मोठी गाडी कोन घेतंय? आता फुकट दिली तरी जागा न्हाई.” मग त्याचं त्यालाच वाईट वाटलं असावं. “पाऊस पडल्यावर बघू,” म्हणाला.

मी दादाला सांगितलं. त्यानं मान हलवली आणि एसी बंद केला, डिझेल वाचावं म्हणून.

त्यानंतर मी जे जे करता येईल ते लिहून काढलं आणि एकेक करून पाहिलं. इतर दोन व्यापारी: एक आलाच नाही, दुसऱ्यानं फोटो मागवून उत्तर दिलं नाही. ओळखीचे मास्तर: घ्यायला तयार होते, फिटरला विचारून आले आणि नको म्हणाले. माझ्याकडचा कडबा: माझ्या एकाच गाईपुरता होता, त्यातला निम्मा दिला. बोअर पुन्हा खोल मारणं: माती निघाली. यादी संपली.

सतरा मे, संध्याकाळचं संकलन. दादाच्या नावावर दीड लिटर. ते शेवटचं. दुसऱ्या दिवशी राहिलेल्या दोघीही नेकनूरला गेल्या, आलेले पैसे चाऱ्या-टँकरच्या उधारीत गेले. त्यांतली एक भाचीनं पहिल्या नोकरीच्या पगारातून आणलेली होती, नर्सिंग झाल्यावर ती बीडला कामाला लागली होती तेव्हा. वहिनीच्या सांगण्यावरून दादानं बाजारात तिची घंटा काढून गाडीत टाकली. बाजारातून दादा आणि मी गाडीतून परत आलो. मागच्या सीटा अजून पाडलेल्याच होत्या आणि गाडी मोकळी असल्यामुळं घंटा मागं इकडून तिकडं घरंगळत होती. दादानं थांबून ती उचलली नाही. मीही नाही.

जुलैत पाऊस झाला. बांधावर गवत आलं, आणि गाईंचे भाव एका महिन्यात दुप्पट झाले. मी दिवस मोजत होते, कारण मोजणं हे माझं कामच आहे. पासष्ट. सत्तर. ऐंशीव्या दिवशी मी दादाकडं गेले आणि म्हटलं, “माझी गाय तुझ्या दावणीला बांध. दहा दिवस तुझ्या नावानं दूध घाल. कोण विचारतंय?”

“नियम काय हाय?”

“मला सांगतोस? मीच लिहिलाय तो, तुझ्या तोंडून ऐकून.”

“मग सोताच्या जनावराचं का लिवलं आपन? पुढारी हेच करायचे म्हनून. शेजाऱ्याचं दूध सोताच्या नावावर.” त्यानं रिकाम्या दावणीचा दोर गुंडाळून ठेवला. “मी एका कॅनसाठी भांडलो, बाई. आता मीच त्यात दुसऱ्याचं दूध माझं म्हनून वतू?”

वहिनी आत भाकरी थापत होती. तिनं त्या दिवशी टोमणा मारला नाही. त्यानं मला जास्त भीती वाटली.

एकोणीस ऑगस्ट. हजर: चेअरमन, पाच संचालक, मी. दादा नाही, त्याला बोलावलंच नव्हतं, कारण नव्वद दिवस उलटल्यावर बोलावता येत नव्हतं. ऊसतोडीहून परत आलेली संचालक त्याच्या खुर्चीकडं दोनदा बघून म्हणाली, “दादाचं नाव काढायचं म्हंजे संस्थेची पाटीच काढल्यासारखं हाय.” चेअरमन तिला म्हणाले, “नियम हाय. आज त्याला सोडलं तर उद्या कुनाला धरनार?” मग मला, पण माझ्याकडं न बघता, “तुमीच द्या पत्र. आमच्यातलं कुनी गेलं तर बरं दिसनार न्हाई.”

पत्र मी त्याच दुपारी टाइप केलं. तीन ओळींचं आहे. माझी सही, संस्थेचा शिक्का, जावक क्रमांक.

दुसऱ्या दिवशी मला बीडला जिल्हा ऑफिसात सुधारित सभासद यादी द्यायची होती. एसटी चुकली. दादा टाकीजवळ उभा होता, म्हणाला, चल, सोडतो. मागच्या काचेवरची पाटी तशीच होती, ‘भाव एकच’मधला ‘एक’ उन्हानं उडाला होता. वाटेत भाचीचा फोन आला. तिनं गाडी कशी चालते ते विचारलं, दादानं तिची कशी चालते ते विचारलं. दोघांनी एकमेकांना ऑइल बदलायची आठवण केली. मग ती म्हणाली, “गाई कशा आहेत?” दादानं माझ्याकडं पाहिलं.

“पाऊस चांगला झाला,” मी फोनमध्ये म्हटलं. “गवत लई आलंय यंदा.”

ऑफिसच्या दारात त्यानं गाडी थांबवली, खाली उतरला, फिरून आला आणि माझ्या बाजूचं दार उघडलं. यादी मी आत जाऊन दिली. तिच्यात अनुक्रमांक एकवर दुसरं नाव होतं. शिक्क्याची पोच घेतली. परत येतानाही तो बोलत होता, पुढच्या वर्षी दोन गाई कशा घ्यायच्या, वार्षिक सभेत चाऱ्याच्या बँकेचा विषय कसा मांडायचा, कोण विरोध करेल. मी “हो” म्हणत होते. पत्र माझ्या पर्समध्ये होतं.

त्या दिवसाच्या यादीत पाच कामं होती. यादी देणे, पोच घेणे, लॅक्टोमीटर आणणे, घरचं मीठ, दादाला पत्र. चारांवर रेघ आहे. पाचवं काम मी एकवीस तारखेच्या यादीत उतरवलं, मग बावीसच्या. आजच्या यादीतही ते सगळ्यात वर आहे.